रिकामं जातं आणि तुमचं घड्याळ

अण्णा, तुमचं घड्याळ या घडीला माझ्या हातावर आहे आणि ते मी काढणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत लिहिता येईल. तुम्ही असता तर म्हणाला असता, "ठिव ते जागेवर." पण तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, आणि जागेवर म्हणजे कुठं ते आता मी ठरवते. मी तिसरी शिकलेली, जोडाक्षरं चुकतील, वेलांट्या इकडच्या तिकडं होतील. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहितेय. मघाशी सून डोकावून म्हणाली, "आई, एवढं काय लिहिताय, सामानाची यादी का?" मी म्हटलं, "व्हय, यादीच." खोटं नाही ते. साठ वर्षांचं साठलंय, यादीच होणार.

घड्याळ माझ्याकडं कसं आलं ते ऐका. तुम्ही ते तुमच्या लेकाला दिलं होतं, रिटायर झालात त्या दिवशी, एस्टी डेपोतल्या लोकांनी घातलेला हार गळ्यात असतानाच. मी तिथंच उभी होते, कडेवर माझा थोरला, हातात पेढ्याचं ताट. "पोराच्या हातावर शोभंल," म्हणालात. शोभलं असेल. पुढं त्याच्याही हातात मोबाईल आला आणि घड्याळ गेलं कपाटात, कपाटातून डब्यात, डब्यातून कसल्याशा पिशवीत. यंदाच्या भाऊबीजेला तो करमाडहून आला. मी ओवाळलं, आणि त्यानं ताटात साडीच्या पाकिटावर रुमालात गुंडाळलेलं काहीतरी हळूच ठेवलं. म्हणाला, "अक्का, बंद पडलंय, पण अण्णांची आठवण म्हणून राहू दे तुझ्याकडं. आमच्याकडं नुसतं पडून हाय." मी रुमाल उघडला आणि मला हसूच फुटलं. सत्तरी ओलांडलेली बाई, ताटात निरांजन जळतंय आणि ही खी खी हसतेय. सगळ्यांना वाटलं होतं मी रडेन. सुनेनं तर पाण्याचा तांब्या आणून ठेवला होता.

तेच घड्याळ, अण्णा. पांढरी तबकडी आता सायीसारखी पिवळट झालीय, तारखेची बारकी खिडकी, आणि तो ताणला जाणारा कड्यांचा पट्टा, जो तुमच्या हाताचे केस उपटायचा आणि तुम्ही त्याला शिव्या द्यायचात. ते तुम्हाला कसं मिळालं ती गोष्ट तुम्ही दर वेळी नवी सांगायचात. वेरूळला लेणी बघायला आलेला कुणी गोरा साहेब मागं राहिला, त्याची बाकीची मंडळी निघून गेली, तुम्ही त्याला तुमच्या लाल गाडीत घेतलंत आणि दौलताबादच्या अरुंद वेशीतून गाडी अशी काढलीत की साहेबाची रेल्वे चुकली नाही. मग त्यानं हातातलं घड्याळ उतरवून तुमच्या हातावर चढवलं. कधी ती रेल्वे असायची, कधी विमान. साहेब कधी जर्मनीचा, कधी आणखी कुठला. माय भाकरी थापता थापता म्हणायची, "खरं काय ते त्या गोऱ्याला ठाऊक." पण शेवट तुमचा कायम एकच. मनगट वर करून म्हणायचात, "ह्याला चावी लागत नाय. हात चालला की हे चालतं. माझा हात घाटात ष्टेरिंग फिरवतो, त्यावर हे जगतंय. हे थांबलं की समजा मी थांबलो."

आता असं बोलू नये हो पोरांपुढं. मोठी माणसं हसून सोडून देतात, पण दहा वर्षांची पोर ते उशाशी घेऊन झोपते.

ते पुढं सांगते. आधी आत्ताचं. दिवाळीला नात पुण्याहून आलेली होती, तिला घेऊन मी पैठण गेटाकडच्या एका घड्याळवाल्या चाचांकडं गेले. म्हातारा माणूस, माझ्याच वयाचा, डोळ्याला भिंग लावून त्यानं मागचं झाकण उघडलं आणि एकदम थांबला. बारीक सुईनं झाकणाच्या खाचेतनं काहीतरी खरवडलं, कागदावर ठेवलं, बोटानं चुरडलं, आणि म्हणाला, "आपा, ये क्या है? आटा? किसने पैनी थी ये घड़ी, नानबाई ने?" नानबाई म्हणजे रोट्या भाजणारा. नात हसायला लागली. मी मात्र कागदावरचं ते पांढरं बघतच राहिले. साठ वर्षांचं ज्वारीचं पीठ, अण्णा. म्हटलं, "नानबाईनं नाही चाचा, मीच घातलं होतं." त्यांना वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. मग त्यांनी ते साफ करून, तेल घालून चालू केलं, आणि झाकण लावायच्या आधी मला बोलावून आतलं दाखवलं. आत अर्ध्या चंद्रासारखा एक जड पत्रा आहे. हात हलला की तो मधल्या खिळ्याभोवती गोल फिरतो, तो फिरला की आतली कमान आवळते, आणि तिच्यावर घड्याळ चालतं. पोटभर आवळली की दीड दिवस पुरते. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! जन्मभर जे बाहेरून बघितलं ते आत जातंच निघालं. वरची तळी फिरतेय खिळ्याभोवती, दुसरं काय आहे ते?

तिथंच नातीनं विचारलं, "चाचा, वाइंडर घेऊ का आजीला?" वाइंडर म्हणजे विजेवर चालणारा डबा. आत बारकी उशी असते, तिला घड्याळ घालायचं, मग डबा ते आपोआप फिरवत राहतो, म्हणजे कुणी हातावर घातलं नाही तरी घड्याळ बंद पडत नाही. चाचांनी भिंग वर केलं. "बेटा, नवी घड़ी कू ठीक है. ये बूढ़ी है. डब्बे में रात-दिन घूमेगी तो पुर्जे घिसेंगे. अलमारी में डाल के भूल गए तो तेल सूखेगा. हात पे रखो. हात से अच्छा डब्बा अभी बना नई." नातीनं मान डोलावली, आणि संक्रांतीला डबा घेऊन आलीच. ऐकत नाही कुणाचं, तुमच्यावर गेलीय. म्हणे, "आजी, नेटवर दोन्ही बाजूची माणसं आहेत. काही म्हणतात डब्यात ठेवावं, काही म्हणतात ठेवू नये, भांडणं चालू आहेत नुसती." जगात लोकांना रिकामा वेळ लई आहे अण्णा. मला एका शब्दानं विचारलं असतं तर मिटवलं असतं.

तर डबा आला. काळा, चकचकीत, वर काच. घड्याळ आत ठेवलं, बटण दाबलं, उशी फिरली, थांबली, उलटी फिरली. मी पायावर हात ठेवून बघत बसले. सगळे माझ्या तोंडाकडं बघताहेत, म्हातारी खूश झाली का. मी थोडा वेळ बघितलं आणि म्हटलं, "बंद कर गं बाई. रिकामं जातं फिरवू नये." नातीला कळलं नाही. तिनं जातं फक्त लग्नात हळदीच्या वेळी बघितलंय, सुपारी बांधलेलं. तिला सांगितलं, जात्यात दाणे नसताना ते फिरवलं तर दगड दगडाला खातो. वरची तळी खालच्या तळीला घासते, टाकी म्हणजे दगडाला पाडलेल्या खाचा बुजतात, आणि पुढच्या दळणात खडे येतात. म्हणून जुन्या बायका रिकाम्या जात्याला हात लावू देत नव्हत्या, घराला अवदसा येते म्हणायच्या. अवदसेचं मला माहीत नाही, पण दगडाचं खरं आहे. फिरायचं तर कशासाठी तरी फिरावं. आणि हे मला कुणी सांगायला नको, कारण रिकामं जातं मी एकदा फिरवलंय. तुमच्यासाठी. ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. आज सांगते.

तुम्हाला टायफाईड झाला होता ते साल. डेपोमागची आपली खोली, तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडलेले, ओठ पांढरे, अंगावर दोन गोधड्या. धाकटा भाऊ पाच वर्षांचा, त्याला काही कळत नव्हतं. माझी शाळा त्याच आठवड्यात सुटली, कारण माय तुमच्यापाशी बसली की दळण-पाणी कुणी करायचं? तेव्हा "चार दिवस" म्हणाली होती. ते चार दिवस अजून चालूच आहेत. तर तापाच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मी तुम्हाला पाणी पाजायला आले आणि मनगटाकडं बघितलं. बारका काटा गोल गोल पळायचा, तो थांबलेला. तुमचा हात गोधडीवर तसाच पडलेला, आणि त्यावर घड्याळ मेलेलं. मी कुणाला बोलले नाही. तुमच्या हातातनं घड्याळ काढलं, पट्टा ताणून माझ्या दंडावर चढवलं, कारण मनगटावरनं ते घसरून पडत होतं, त्यावर पोलक्याची बाही ओढली, आणि जात्यावर जाऊन बसले.

आणि ते चालू झालं! मला ऐकू आलं. दंडाला कान लावला तर टिकटिक. मी दळलं, पाणी आणलं, भांडी घासली, पुन्हा दळलं, आणि दुपारी तुमच्या हातावर परत चढवलं. संध्याकाळी तुम्ही डोळे उघडलेत, मनगट डोळ्यांजवळ नेलंत आणि विचारलंत, "चालू हाय का?" मी म्हटलं, "हाय, अण्णा." तुम्ही डोळे मिटलेत. झालं, मग माझं ते कामच ठरलं. सकाळी तुम्हाला पेज पाजली की घड्याळ माझ्या दंडावर, दुपारनंतर तुमच्या हातावर. घड्याळ बघायला मी शाळेत नाही शिकले, त्या दिवसांत शिकले. पहिल्या सकाळी काटे तुम्ही लावायचात तसे गिरणीच्या सातच्या भोंग्याला लावले, मग रोज भोंगा झाला की बाही वर करून बघायचे, काटे कुठं आहेत. मग पुढच्या भोंग्याला. मधलं सगळं माझं मी जुळवलं. तुम्ही शाळा सोडवलीत, पण तासाचे काटे वाचायला तुमच्याच घड्याळानं शिकवलं, तेव्हा कुणी कुणाचं देणं लागत नाही असं मी म्हणते. नाही, तुम्ही लागता. पण ते असू द्या.

एक दिवस ज्वारी संपली. शेजारच्या काकूंकडनं भाकरी आली, दळण नाही. पाण्याचे हंडे भरलेले. मला वाटलं, हात चालला नाही तर घड्याळ थांबेल, घड्याळ थांबलं तर तुम्ही. मग मी रिकाम्या जात्यावर बसले आणि खुंटा धरून फिरवायला लागले. दाणे असले की जातं घुमतं, गाणं म्हटल्यासारखं. रिकामं फिरलं की ओरडतं. ते ऐकून माय आतनं धावत आली. घरात दुखणाईत माणूस, आणि पोरगी रिकामं जातं फिरवतेय! तिनं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी जात्यावरच आडवी झाले. "कुणाच्या मरणाचं दळतीस गं?" म्हणाली. मी रडत बाही वर केली. तिनं घड्याळ बघितलं. पट्ट्याच्या कड्यांत पीठ बसलेलं बघितलं. आणि मग ती तिथंच माझ्याजवळ खाली बसली, पदरानं कडी पुसायला लागली. किती वेळ पुसत होती. शेवटी म्हणाली, "कितव्या दिवसापासनं?" मी बोटं दाखवली. तिनं पुन्हा मारलं नाही. जात्यावर पोतं टाकलं आणि आत गेली. त्या दिवसापासनं सकाळी घड्याळ तुमच्या हातातनं तीच काढायची आणि मला आणून द्यायची.

तुम्ही उठलात. सतराव्या दिवशी भिंतीला धरून उठलात, आणि पहिलं मनगट बघितलंत. मग जे सुरू झालं ते मरेपर्यंत चाललं. डेपोत, लग्नात, पंगतीत, दहनाला गेलात तरी तिथं. "सतरा दिवस हाथरुणात होतो, अंगात पाणी गिळायची ताकद नव्हती, पण मनगटात दम एवढा की घड्याळ एक मिनिट थांबलं नाय." लोक माना हलवायचे. मी पाणी वाढत असायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तोंड उघडलं होतं, अण्णा. मायनं माझा दंड धरला, जिथं घड्याळ असायचं तिथंच, आणि मला चुलीपाशी नेलं. म्हणाली, "गप ऱ्हा. परवा त्यांना कन्नडच्या घाटात गाडी चढवायचीय. मागं पन्नास माणसं बसणार. त्यांना त्यांच्या हाताचा भरवसा राहू दे." तेव्हा मी गप्प बसले. दहा वर्षांची होते, पण पन्नास माणसं मला कळली.

पण त्यानंतर महिनाभरात काय झालं ते तुम्ही विसरला असाल, मी नाही. तुम्ही दगडावर तोंड धुवायला बसला होता, घड्याळ काढून भिंतीवर ठेवलेलं. मी दोन घागरी घेऊन आडावरनं आले, उतरवल्या, आणि सवयीनं घड्याळ उचलून दंडावर चढवायला गेले. सवयच लागली होती ना. तुम्ही ओरडलात, "ठिव ते! बाईच्या हातावर हे बंद पडतं. ह्याला कामाचा हात लागतो." घागरींचं पाणी अजून हिंदकळत होतं, अण्णा. माझ्या तळहाताला खुंट्याचे घट्टे होते. मी ठेवलं. पण कामाचा हात म्हणजे काय, हे तुम्ही माझ्याकडं न बघता बोललात, एवढंच मला म्हणायचंय. साठ वर्षं म्हणायचं होतं.

आता तुमच्या लेकाची गंमत ऐका. संक्रांतीनंतरच्या रविवारी, नात पुण्याला परत गेल्यावर, तिळगूळ द्यायला आला आणि बघतो तर काय, काळा डबा टीव्हीजवळ रिकामा, बटण बंद, आणि घड्याळ माझ्या हातावर कोपराजवळ सरकवलेलं, भाकरी थापताना पीठ लागू नये म्हणून. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "अक्का, चालू झालं व्हय हे? आणि तू हे पिठात घालतीस? अगं असली जुनी घड्याळं लोक जिवापाड जपतात. माझ्या पोराकडं चार घड्याळांचा वाइंडर हाय. एक तर तू डब्यात ठेव, नाहीतर मी घेऊन जातो." मी म्हटलं, "ओवाळणी परत नेतोस?" तो जरा वरमला. पण तुमचाच मुलगा, मग तुमचंच वाक्य काढलं. "अण्णा काय म्हणायचे? ह्याला कामाचा हात लागतो. तू आता बहात्तरीची. तुझ्या हातावर किती चालणार हे? चार दिवसांत बंद पडंल, मग तेल सुकंल, मग संपलं." बस. मी उलथनं खाली ठेवलं. म्हटलं, "पुढच्या रविवारी ये. मधे बंद पडलं तर पिशवीत घालून घेऊन जा, तुझ्या पोराच्या चार घड्याळांत पाचवं कर. चालू असलं तर पुन्हा डब्याचं नाव काढायचं नाही." तो म्हणाला, "ठरलं." सून म्हणाली, "आई, कशाला?" नात पुण्याहून फोनवर ओरडली, "आजी, भारी!"

ते आठ दिवस काय सांगू तुम्हाला! मी एवढी खूश कधी नव्हते. सुनेच्या मिक्सरला हात लावू दिला नाही, खलबत्ता काढला. शेंगदाण्याचं कूट, लसणाची चटणी, मिरचीचा ठेचा, सगळं हातानं. गच्चीवर जाऊन कपडे झटकून वाळत घातले, वाळले की काढून पुन्हा झटकले. शेजारीण म्हणाली, "मावशी, घरात लग्न आहे का?" घरात ठेचा एवढा झाला की मुलगा म्हणाला, "आई, आता मामा हरला तरी चालेल, पण हे बंद कर." आणि खरं सांगू का, एवढं काही लागतच नव्हतं. चाचांनी सांगितलं होतं, रोजच्या उठण्या-बसण्यावर ते चालतं. भाकरी थापली, फुलं तोडली, चार वेळा पदर सावरला की त्याचं पोट भरतं. पण मला दाखवायचं होतं. कुणाला ते तुम्हाला कळलं असेलच.

रविवारी तो आला. चपला काढायच्या आधी म्हणाला, "दाखव." मी हात पुढं केला. त्यानं मोबाईल काढला, वेळ मिळवली. चार मिनिटं मागं होतं, पण चालू होतं, काटा टुकूटुकू पळत होता. तो बसला खुर्चीत. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "आता एक ऐक." आणि सांगितलं. जातं, दंड, मायचा गुद्दा, सगळं. तो आधी हसला. मग हसायचा थांबला. "म्हणजे सतरा दिवस..." "माझ्या दंडावर." "आणि अण्णा जन्मभर..." "त्यांना ठाऊक नव्हतं रे. खोटं नाही बोलले ते." बराच वेळ तो चहा ढवळत बसला, साखर घालायची राहिली होती तरी. मग म्हणाला, "अक्का, तू सांगितलंस, मग मी पण सांगतो. हे माझ्या हातावर कधी चाललंच नाय. मी हापिसात बसणारा माणूस, दिवसभर हात टेबलावर. सोमवारी घातलं की बुधवारी बंद. अण्णा घरी यायचे त्या सकाळी मी मोरीत जाऊन हात हलवत बसायचो, अर्धा अर्धा तास. बायको बाहेरनं विचारायची, काय चाललंय आत?" अण्णा, मी एवढी हसले की ठसका लागला. तोही हसला, डोळे पुसत हसला. म्हणजे बघा, तुमच्या घड्याळाच्या धाकानं एक पोर जात्यावर आणि दुसरं मोरीत, आणि तुम्ही मधे मनगट वर करून उभे.

जाताना त्यानं माझा हात धरून घड्याळ कानाला लावलं. पाच वर्षांचा असताना तुमच्या हाताला लावायचा तसंच. म्हणाला, "ठेव तुझ्याकडंच. पण अक्का, पिठात नको घालू." मी म्हटलं, "जा रे. पिठावरच तर वाढलंय ते." तो जिना उतरेपर्यंत हसत होता, मला ऐकू येत होतं.

तर असं झालं, अण्णा. डबा नातीला परत देणार होते, पण ती म्हणाली राहू दे. मी आत सुया, दोरे, आणि चष्म्याचं कापड ठेवते, आणि हे पत्रही घडी घालून त्यातच ठेवणार आहे, उशीखाली. तुमच्या पत्त्यावर कुठली गाडी जात नाही, तुम्हीच ड्रायव्हर होता म्हणून सांगते. बटण काही मी दाबणार नाही.

एक राहिलं. हे मायलाही सांगितलं नव्हतं. मायनं जात्यावर पोतं टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दंडाकडं बघितलं तर घड्याळ थांबलेलं. मी धावत तुमच्यापाशी आले. तुम्ही जागे होता. "भूक लागली," म्हणालात, पहिल्यांदाच. मी दारात उभी, बाहीखाली घड्याळ मेलेलं, आणि तुम्ही जिवंत, पेज मागताय. मला तेव्हाच कळलं की त्याचा आणि तुमचा काही संबंध नाही. तरी भोंग्याची वाट बघून मी त्याचा कान, म्हणजे बाजूची ती बारकी कळ, ओढला, काटे जुळवले, हात हलवला, आणि उरलेले सगळे दिवस ते घालून फिरले. ते दिवस तुमच्यासाठी नव्हते, अण्णा. मला ते आवडलं होतं.